फासे लुडोचे, गाव आपले



आषाढी पौर्णिमेपासून विहाराविहारांतून वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते. मोठी माणसे मन लावून ऐकतात. मुले मात्र मागच्या भिंतीला टेकून एकमेकांना कोपराने ढोसत असतात, नाहीतर कुणाच्या तरी वडिलांचा मोबाईल घेऊन त्यावर गोळ्या झाडत असतात. बाहेर पाऊस, मैदानात चिखल, आणि घर म्हणाल तर दहा बाय बाराची खोली. त्यातही रात्रपाळी करून आलेला बाप झोपलेला. 'पावसाळ्यात या पोरांना गुंतवायचे तरी कशात?' असे अनेक माता-भगिनी विचारतात. त्यावर आज एक उपाय सांगते. खर्च म्हणाल तर लुडोचे दोन फासे, पाठकोरे कागद आणि पेन्सिल. एवढ्या सामानावर आमच्या पनवेलच्या विहारात गेले काही महिने दर रविवारी पाच मुले दोन-दोन तास जागची हलत नाहीत.

खेळ असतो कसा?

चार-पाच मुले सतरंजीवर गोल करून बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. कुणी रिक्षावाला होतो, कुणी नर्स, कुणी बातमीदार. एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो : 'रात्रीचे अकरा वाजलेत. शेवटची एसटी गेली. स्टँडवर एक म्हातारी बाई गाठोडे घेऊन एकटीच बसली आहे. आता तुम्ही काय करता?' मुले आपापल्या पात्राच्या तोंडून बोलू लागतात. जे सहज घडण्यासारखे असते ते घडले असे धरायचे. जिथे घडेल की नाही अशी शंका असते, तिथे फासे टाकायचे. पट नाही, सोंगट्या नाहीत. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढे सरकते आणि पुढच्या रविवारी जिथे थांबली तिथून चालू होते. म्हणून आम्ही या खेळाला 'मोहीम' म्हणतो.

हा खेळ जन्माला आला अमेरिकेत. १९६९ साली मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने युद्धाच्या खेळात एक बदल केला. नुसते सैन्य पुढे-मागे हलवण्याऐवजी त्याने एक काल्पनिक जर्मन गाव घेतले, त्याला ब्राउनस्टाईन नाव दिले आणि खेळणाऱ्यांना त्या गावातली एकेक माणसे वाटून दिली. त्याच्याच मंडळातल्या डेव्ह आर्नेसनने ही कल्पना पुढे नेली, आणि गॅरी गायगॅक्स यांच्याबरोबर १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आणला. पहिली छपाई एक हजार प्रतींची होती. गायगॅक्स यांची विमा कंपनीतली नोकरी गेली होती, आणि पोटासाठी ते बूट दुरुस्तीचे काम करीत. आज जगभर लाखो लोक जो खेळ खेळतात, तो असा हाताने काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यातून निघाला, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे. मोबाईलवर 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही २०१६ साली आलेली मालिका पाहणाऱ्या पोरांना तर तो ओळखीचाच आहे. त्या मालिकेच्या सुरुवातीलाच चार मुले तळघरात बसून हाच खेळ खेळत असतात.

त्या मूळ खेळात तळघरे, राक्षस आणि खजिने असतात. पुढे १९९१ साली 'व्हँपायर' नावाचा खेळ आला. त्याची गोष्ट आजच्या काळातल्या शहरात घडते. तेव्हापासून आपल्याच गावात मोहीम मांडायची चाल आणखी वाढली. आपण त्यातले राक्षस आणि रक्तपिपासू सोडून द्यावे आणि गाव तेवढे घ्यावे.

तसे पाहिले तर सोंग घेऊन प्रश्न मांडणे आपल्या समाजाला नवीन नाही. सत्यशोधक जलशात आणि पुढे आंबेडकरी जलशात आपलेच लोक सावकार होत, भटजी होत, पाटील होत, आणि गावाचे खरे रूप गावाला दाखवीत. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी असे जलसे गावोगाव नेले. फरक इतकाच की जलशात लोक समोर बसून बघत. इथे बघ्या कुणीच नाही, सगळेच पात्र.

नायक राहतो कुठे?

पहिल्या रविवारी मी मुलांना इतकेच सांगितले, 'तुम्हाला हवे ते पात्र घ्या. नाव सांगा, काम सांगा, पत्ता सांगा.' पाच पात्रे तयार झाली. एक लंडनला राहणारा गुप्तहेर होता. एक कॅनडातला डॉक्टर. दोन मलबार हिलवरचे श्रीमंत भाऊ. एक सिनेमातली नटी. नावे सगळी टीव्हीवरच्या मालिकांतली. आपल्या वस्तीत ऐकू येणारे एकही आडनाव त्यांत नव्हते. पनवेलला राहणारे एकही पात्र नव्हते.

मुलांना हे कुणी शिकवलेले नाही. पाहून पाहून त्यांच्या मनात बसले आहे की पराक्रम करणारा माणूस दुसऱ्या गावचा असतो आणि दुसऱ्या आडनावाचा असतो. रागावून हे जाणार नाही. म्हणून मी दोनच नियम घातले. पात्र पनवेल तालुक्यात राहिले पाहिजे. आणि त्याच्या घरात कमावणारे माणूस कोण, ते काय काम करते, हे सांगता आले पाहिजे.

मग पाटी पालटली. गुप्तहेराचा रिक्षावाला झाला, आणि त्याला स्टेशनपासून खांदा कॉलनीपर्यंतची एकूण एक गल्ली पाठ. डॉक्टरची नर्स झाली, तिची आई घरकामाला जाते. मलबार हिलचा एक भाऊ तळोजा एमआयडीसीत फिटर झाला, दुसरा कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरी वाडीतला मुलगा, ज्याला रानातल्या पायवाटा ठाऊक. नटीची बातमीदार झाली. 'पण बातमी खरी असेल तरच छापणार,' असे तिने स्वतःहून सांगितले. पाचही जणांना हे काम काय असते ते माहीत होते. फिटर झालेला मुलगा यंत्र बंद पडल्यावर काय करतात ते अशा बारकाईने सांगू लागला की मी ऐकत राहिले. त्याचे वडील तेच काम करतात. बापाचे काम गोष्टीत शोभते, हे त्याला त्या दिवशी कळले.

नकाशा काढताना

मोहिमेला नकाशा लागतो. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजू घेऊन मुलांनी पनवेल काढले. आधी आपले घर, मग शाळा, मग विहार, मग पाण्याचा नळ. त्यानंतर स्टेशन, एसटी स्टँड, वडाळे तलाव, गाढी नदी, दूर कर्नाळा आणि प्रबळगड. नकाशा भरत गेला तसे प्रश्न येऊ लागले, आणि दर रविवारी मोठ्या माणसांना विचारून उत्तर आणायचे काम मुलांना लागले.

'इस्रायल तलाव' हे नाव कशावरून पडले? पनवेलला बेने इस्रायल समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला म्हणून. त्यांचे बेथ एल हे प्रार्थनास्थळ १८४९ सालचे आहे. पनवेलची नगरपालिका किती जुनी? १८५२ ची, आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून ती महानगरपालिका झाली. वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण नकाशात कुठे येते? गोवा महामार्गावर, कर्नाळ्याकडे जाताना.

विमानतळ काढायची वेळ आली तेव्हा मुले अडली. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. बातमीदार झालेल्या मुलीने लगेच ओळखले की हा मनुस्मृती दहनाचा दिवस. पण त्या जागेवर आधी काय होते? चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर अशी दहा गावे तिथून उठली. 'जी गावे आता नाहीत ती नकाशात काढायची की नाही?' यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी असे ठरले की ती तुटक रेघेने काढायची. हा निर्णय मुलांचा. मी त्यात एक शब्द बोलले नाही.

आणि एका जागेवर मुलांनी निळ्या पेन्सिलने मटका काढला. आपल्याकडे सोनबा येलवे यांची गोष्ट सांगतात, ती वाचकांना ठाऊक असेलच. पनवेलला बाबासाहेबांना पाणी नाकारले गेले. ते ऐकून सोनबा कळवळले, आणि बाबासाहेब पुन्हा या वाटेने येतील तेव्हा आपल्या हातचे पाणी देऊ, म्हणून भरलेला मटका घेऊन वर्षानुवर्षे वाटेवर थांबत राहिले. भेट झालीच नाही. ही गोष्ट पोथीतून आली नाही, तोंडातोंडी आणि गाण्यांतून आली. मुलांनी आजोबांना जागा विचारली, तर एकाने एक सांगितली, दुसऱ्याने दुसरी. त्यामुळे मटका नेमका कुठे काढायचा हे ठरेना. कातकरी मुलगा झालेला पोरगा म्हणाला, 'ताई, तो रोज थांबायचा ना? मग रस्त्यावर कुठेही काढला तरी चालेल.' मटका महामार्गाच्या कडेला काढला. आता मोहिमेत कुठलेही पात्र तहानले की मुले त्या मटक्यापाशी जातात. नियमात तसे कुठे लिहिलेले नाही.

फाशांचा हिशोब

आता नियम सांगते. दोन फासे टाकले की छत्तीस प्रकारची दाने पडू शकतात. बेरीज दहा किंवा जास्त आली तर काम फत्ते. सात ते नऊ आली तर काम होते, पण त्याची काही किंमत मोजावी लागते : उशीर होतो, पैसे जातात, कुणीतरी दुखावते. सहा किंवा कमी आली तर काम फसते आणि गोष्ट नव्या अडचणीत शिरते.

मुलांना फळ्यावर मोजायला लावा. छत्तीस दानांपैकी फत्तेची दाने सहा. फसण्याची पंधरा. मधली पंधरा. माहिती नसलेल्या, एकट्या माणसाचे हे असे आहे.

आता दोन सवलती. काम करण्याआधी ज्याने त्याची माहिती काढली असेल, कागद वाचला असेल, कुणाला विचारले असेल, त्याच्या बेरजेत एक मिळवायचा. जो सोबत्याला घेऊन गेला असेल, त्याच्या बेरजेत आणखी एक. दोन्ही केले तर दोन. पुन्हा मोजा. फत्तेची दाने सहाची पंधरा होतात. फसण्याची पंधराची सहा होतात. मधली पंधराच राहतात, म्हणजे किंमत मोजायची वेळ काही टळत नाही.

हे मोजून झाल्यावर फिटर झालेला मुलगा ओरडला, 'ताई, हे तर शिका आणि संघटित व्हा आहे!' त्यावर नर्सने विचारले, 'मग संघर्ष कुठे आहे?' तो म्हणाला, 'एवढे करूनही फासा टाकावाच लागतो ना, तो संघर्ष.' गणिताच्या तासाला अपूर्णांक पाहून तोंड लपवणारा हा मुलगा. आता त्याला छत्तीसची दाने तोंडपाठ आहेत.

हा जुगार नव्हे काय?

फासे पाहिले की घरातली वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालतात. त्यांचे चुकत नाही. दारू आणि जुगार यांनी आपल्या वस्त्यांतली किती घरे बसली हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. दीघ निकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात श्रमणांनी टाळायच्या खेळांची मोठी यादी आहे, तीत फासे आहेत, आठ आणि दहा घरांचे पटही आहेत. ती यादी घर सोडलेल्या भिक्खूंसाठी. संसारी माणसासाठी तथागतांनी सिगालोवाद सुत्तात सांगितले, आणि तिथे जुगाराचे सहा तोटे मोजून दिले. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते. हरणाऱ्याला गेल्या धनाचे दुःख. हातचा पैसा जातो. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र त्याला कमी लेखतात. आणि त्याला कुणी मुलगी देत नाही.

हे सहा तोटे आपल्या खेळाला लावून पाहा. इथे पणाला काही नाही. जिंकणारा नाही, म्हणून वैर नाही. हरणारा नाही, म्हणून दुःख नाही. फासा फक्त एवढेच सांगतो की आपण ठरवले तसे सगळे घडत नसते. पण एक पथ्य कडक पाळावे : पैसे, चॉकलेट, गोट्या, काहीही लावायचे नाही. ज्या दिवशी काही लावले त्या दिवशी तो जुगार झाला.

एका आजोबांनी वेगळीच शंका काढली. दुसऱ्याचे सोंग घेऊन बोलणे म्हणजे चौथ्या शीलाचा भंग नव्हे का? असत्य बोलण्यात समोरच्याला फसवायचा हेतू असतो. इथे सगळ्यांना ठाऊक आहे की हे सोंग आहे. आजोबांना ते पटले. पुढच्या रविवारी तेच आले आणि स्टँडवरच्या म्हाताऱ्या कंट्रोलरचे सोंग घेऊन बसले.

पिंपळावरचे भूत

मोहीम रंगली की मुले भूत मागतात. आमच्या मुलांनीही मागितले : नदीकाठी जुना पिंपळ, त्यावर हडळ, रात्री दिवे दिसतात. मी विचारले, 'ज्या झाडाखाली सिद्धार्थाला बोधी मिळाली त्याच झाडावर आपण हडळ बसवायची?' मुले हसली. मग असे ठरले की भूत नाही, भुताची अफवा आहे. ती पसरवतो कोण आणि कशासाठी, ते शोधायची मोहीम.

कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, मोठा माणूस म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. आमच्या पाच जणांनी पारखले. रिक्षावाल्याने रात्री त्या रस्त्याने कोणत्या गाड्या जातात ते पाहिले. कातकरी मुलाने चाकांच्या खुणा ओळखल्या. फिटरने वासावरून रसायन ओळखले. भुताच्या भीतीने लोक तिकडे फिरकेनासे झाले होते, आणि त्या आडोशाला मोहिमेतला एक काल्पनिक गोदामवाला रसायनांचे ड्रम नदीत रिकामे करीत होता. गोष्ट काल्पनिक, पण प्रश्न आपल्या दारातला आहे. तळोज्याच्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले होते.

मग मोहिमेत अर्ज लिहायची वेळ आली. मुलांनी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला खराखुरा वाटावा असा अर्ज लिहिला. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा, अर्जाला दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत तीस दिवस, हे त्यांनी शोधून काढले आणि बेरजेत एक मिळवला. नरबळी आणि जादूटोणा यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर, हेही त्याच ओघात समजले. एवढे मी फळ्यावर लिहून पाठ करा म्हटले असते, तर अर्धी मुले पुढच्या रविवारी आलीच नसती.

'पूर्ण नाव काय?'

आता जरा नाजूक गोष्ट सांगते. फाशाला जात कळत नाही. गावाला कळते. मोहीम लंडनमध्ये मांडली असती तर हा प्रश्न आला नसता. आपल्या गावात मांडली की तो कधी ना कधी येतोच.

नर्सला नवी नोकरी लागली. रात्रपाळीसाठी नवीन पनवेलला खोली हवी. ती खोली पाहायला गेली. सूत्रधार या नात्याने घरमालक मी होते. भाडे ठरले, अनामत ठरली, आणि मग घरमालकाने विचारले, 'पूर्ण नाव काय?'

खोलीत एकदम शांतता झाली. या साध्या प्रश्नात काय दडले आहे हे त्या पाचही मुलांना माहीत होते. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा.

आमच्याकडे प्रत्येकासमोर एक कोरा पत्ता ठेवलेला असतो. तो उलटा केला की तो प्रसंग तिथेच थांबवायचा, कारण विचारायचे नाही. मुलीने पत्ता उलटा केला. मी लगेच गोष्ट रिक्षावाल्याकडे वळवली. तिला कुणी काही विचारले नाही.

पुढच्या रविवारी तीच म्हणाली, 'ताई, आज खोलीचे घेऊ.' आठवडाभर तिने विचार केला होता. आधी मुलांनी मार्ग मांडले. एक म्हणाला, दुसरे आडनाव सांगून मोकळे व्हावे. त्यावर मी त्यांना १९१७ सालची बडोद्याची हकिकत सांगितली. परदेशात उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना शहरात राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नावाने ते पारशी लोकांच्या धर्मशाळेत राहिले, आणि ओळख उघडी पडताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ऐकून आडनाव बदलायचे म्हणणारा मुलगा गप्प झाला. नर्स म्हणाली, 'म्हणजे रोज भीत राहायचे. मला रात्रपाळी करून झोपायचे आहे.'

मग त्यांनी ठरवले. बातमीदाराने भाडेकराराचा कागद कसा असतो त्याची माहिती काढली. पाचही जण मिळून घरमालकाकडे गेले. नर्सने पूर्ण नाव सांगितले, आडनावासकट. फासे टाकले. चार आणि दोन, बेरीज सहा. माहितीचा एक, सोबतीचा एक, झाले आठ. ती एकटीच, काही न विचारता गेली असती तर त्याच सहावर काम फसले असते.

आठ म्हणजे काम होते, पण किंमत मोजावी लागते. मी सांगितले, त्या घरमालकाने नाही म्हटले, पण हे बोलणे ऐकणाऱ्या शेजारच्या बाईंनी आपली खोली देऊ केली. भाडे पाचशे रुपये जास्त.

मुले नाचली. नर्स मात्र नाचली नाही. तिने विचारले, 'पाचशे जास्त का?' मुलांनी माझ्याकडे पाहिले. मी उत्तर दिले नाही. तो प्रश्न आम्ही मोहिमेच्या पाटीवर लिहिला. तो अजून पुसलेला नाही.

दाराशी उभी राहून एका मुलाची आई हे सगळे ऐकत होती. लग्नानंतर नवरा-बायको खोली शोधत फिरले तेव्हा त्यांना कोण काय म्हणाले, ते तिने आत येऊन, सतरंजीवर बसून सांगितले. तिच्या मुलाने ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. किती घरांत अशा गोष्टी मुलांना त्रास नको म्हणून झाकून ठेवलेल्या असतात! पण मुलांना त्या अर्धवट ठाऊक असतातच. अर्धवट ठाऊक असलेली गोष्ट आतल्या आत कुढवते. पुरती कळलेल्या गोष्टीवर उपाय शोधता येतो.

सूत्रधारासाठी पथ्ये

ज्यांना हे घरी किंवा विहारात करायचे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

मुले चार ते सहाच घ्यावीत. जास्त झाली की लाजरी मुले मागे पडतात. मुली निम्म्या तरी असाव्यात, आणि त्यांनी काय व्हायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे.

वस्तीतल्या किंवा गावातल्या कुठल्याही खऱ्या माणसाला, दुकानाला, कारखान्याला मोहिमेत खलनायक करू नये. गाव खरे, रस्ते खरे, इतिहास खरा, पण वाईट पात्र नेहमी काल्पनिक. नाहीतर खेळातून भांडण उभे राहील.

अपमान करणाऱ्याचे पात्र कधीही मुलाला देऊ नये. ते सूत्रधाराने स्वतः घ्यावे, मोजक्या शब्दांत आटपावे, आणि शिवीगाळ तर मुळीच करू नये. उलट्या पत्त्याचा नियम पहिल्या दिवशीच सांगावा आणि कसोशीने पाळावा.

मुले काय करतील हे आधी ठरवून येऊ नये. सूत्रधाराच्या तोंडी एकच वाक्य सतत असावे : 'मग तू काय करशील?' त्यांचे उत्तर आपल्याला सुचले नसेल तर उत्तमच.

दर खेळाच्या शेवटी दहा मिनिटे राखून ठेवावीत. आजच्या गोष्टीतले खरे काय आणि रचलेले काय, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. गावाची जी माहिती खरी म्हणून सांगायची, ती आधी पारखून घ्यावी. मुले ती शाळेत जाऊन सांगणार आहेत.

नवीन मोहीम सुरू करणाऱ्यांना पहिला प्रसंग मीच देते. पावसाची रात्र. गाढीला पूर आला आहे आणि काठच्या वस्तीत पाणी शिरू लागले आहे. वीज गेली. विहाराची किल्ली ज्यांच्याकडे असते ते काका नेमके कामावर गेलेत. वस्तीतली चाळीस माणसे सामान घेऊन विहाराच्या पायरीवर उभी आहेत, त्यांत एक बाळंतीण आहे. हातात एक बॅटरी आणि एक मोबाईल, तोही दहा टक्क्यांवर आलेला.

पनवेल सोडून दुसरीकडे राहत असाल तर नदीचे नाव तेवढे बदला. नदी नसेल तर नाला चालेल. किल्ली कुणाकडे असते, पाणी आधी कुठे भरते, कोण धावून येते आणि कोण दार लावून घेते, हे तुमच्या मुलांना आधीच ठाऊक आहे. त्यांना विचारा, आणि फासे त्यांच्या हातात द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!